स्वतःलाच घातलेली गळ

फणसवाडीतल्या श्यामकांत त्रिलोकेकरांनी नोकरी सोडली, ही बातमी वाडीत कुणालाच खरी वाटली नाही. वीस वर्षं हा गृहस्थ फोर्टातल्या एका इंग्रज कंपनीत पत्रव्यवहाराचा कारकून होता. डॉसन साहेबांच्या नावाने जे जे इंग्रजी बाहेर पडे, ते सगळं श्यामकांतांचं. साहेबांचे आभार, साहेबांचा राग, एवढंच काय, साहेबांचा मेव्हणा वारला तेव्हाचं दुःखसुद्धा. साहेब फक्त सही करीत, तीही श्यामकांत जिथे पेन्सिलीने फुली मारतील तिथे.

आता गिरगावातल्या एका छापखान्याने त्यांना बोलावलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या, रोज नवी पत्रकं निघत होती, आणि नीट मराठी लिहिणारा माणूस हवा होता. लेखाखाली नावही छापणार होते. श्यामकांतांना भुरळ पडली होती ती त्या नावाचीच, पण तसं ते कबूल करायचे नाहीत.

राजीनाम्याचं त्यांनी साहेबांना तोंडी सांगितलं. साहेब दचकले.

"तुम्ही गेलात तर माझं कसं व्हायचं? हेडक्लार्क व्हा, खिडकीजवळचं टेबल घ्या. थांबा, तसं पत्रच देतो." मग जरा विचार करून म्हणाले, "लिहून आणा."

घरी सरोजिनीबाई हे ऐकून पोट धरधरून हसल्या. "पण अहो, नीट लिहा हं. दुसऱ्यांसाठी लिहिता तसं."

दुसऱ्या दिवशी श्यामकांत लिहायला बसले. आपलीच स्तुती करायची म्हणजे भलतीच पंचाईत. पहिल्या खर्ड्यात ते स्वतःला 'बऱ्यापैकी उपयोगी' म्हणून मोकळे झाले. मग बायकोचं बोलणं आठवून तो फाडला आणि काय ते खरं खरं लिहिलं. साहेब तापाने पडले तेव्हा महिनाभर ऑफिस कुणी चालवलं, रागावून गेलेली गिऱ्हाइकं कुणाच्या पत्राने परत आली, आणि इतक्या वर्षांत एकदाही शाबासकी दिली नाही म्हणून साहेबांची दिलगिरी. टाइप केलेलं वाचताना त्यांचे डोळे भरून आले. डॉसन साहेब मनाने इतके मोठे असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

छापखाना पार मागे पडला. साहेबांनी हे वाचून नुसतं 'खरं आहे' म्हटलं तरी राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चहाच्या वेळी ते फाइल घेऊन आत गेले. साहेब टेलिफोनवर क्रिकेटच्या गप्पा मारत होते. त्यांनी फुलीवर सही केली, पान उलटलं, पुढच्या फुलीवर सही केली. श्यामकांत टेबलासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. साहेबांनी हातानेच 'झालं' अशी खूण केली.

ते जागेवर आले. फार लागलं होतं मनाला. त्यांनी आणखी एक पत्र टाइप केलं: राजीनामा मंजूर, महिनाअखेर आपणास मोकळे करीत आहोत. खाली फुली मारली. तेही सहीनिशी परत आलं. वर साहेब प्रेमाने म्हणाले, "टेबल उद्याच सरकवून घ्या."

संध्याकाळी सरोजिनीबाईंनी दोन्ही पत्रं मराठीतून वाचून घेतली. दुसऱ्याला त्या खळखळून हसल्या. पहिलं मात्र त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"खरं आहे हो हे सगळं," त्या म्हणाल्या. "परत एकदा वाचा बघू."

श्यामकांतांनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.