पक्का निळा रंग आणि शेठचा स्विमिंग पूल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे चहा सांडायला नको. कारण मी जी माती खाल्लीय ना, ती चमचाभर नाही, चांगली घमेलंभर आहे!

गेली अठरा वर्षं मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये आहे. तिथल्या लॅबमध्ये. कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे सांगणारा माणूस तो मी. अ‍ॅसिड, सोडा, ब्लिच यांच्याशी माझी घरच्यासारखी ओळख. मूळचा खानदेशातला, राहायला लिंबायतला.

आमच्या शेठचं डुमस रोडला फार्महाउस आहे. त्यात स्विमिंग पूल. हिवाळाभर त्यात कोणी पाय बुडवत नाही, पाणी शेवाळतं. होळी झाली की तो साफ करून उघडायचा, आणि पहिल्या रविवारी शेठची सात-आठ नातवंडं धबाधब उड्या मारायला हजर. पण यंदा पूल बघणारा माणूस भावाच्या लग्नाला गावी गेला तो गेलाच. शेठ लॅबमध्ये येऊन म्हणाले, ‘‘पाटीलभाई, कोणी ओळखीचा माणूस आहे का?’’

‘‘माणूस कशाला, शेठ? पाणीच ना? मी बघतो!’’

आता यामागचं खरं कारण ऐका. आमचे लॅब इनचार्ज त्या महिन्यात रिटायर होणार होते. त्यांची खुर्ची चाकांची, गोल फिरणारी, आणि थेट एसीखाली! अठरा वर्षं मी स्टुलावर बसून त्या खुर्चीकडे बघत आलो होतो. शेठ हसून म्हणाले, ‘‘बरं, रविवार नीट पार पडू दे. मग खुर्चीचं बोलू.’’

घरी येऊन बायकोला सांगितलं, ‘‘मला अर्धी चड्डी शिवून दे, निळी. शेठच्या पूलवर जायचंय.’’ कापड मिलमधलंच होतं. एका वॉटरपार्कच्या युनिफॉर्मसाठी आम्ही ते सुती कापड रंगवलं होतं. क्लोरीनच्या पाण्यात रंग टिकतो, असा रिपोर्ट मीच सही करून दिला होता.

तपासून? अहो, अठरा वर्षांचा अनुभव! निळा बघितला की कळतं पक्का आहे. टाकला शेरा, पाचपैकी पाच.

बायको मशीनवर चड्डी शिवता शिवता म्हणाली, ‘‘तुमले पव्हता तरी येस का?’’

नाही येत! आमच्या गावची नदी पावसाळ्यात दोन महिने नदी असते, बाकी दहा महिने क्रिकेटचं मैदान. पण मी पोहायला थोडाच चाललो होतो? मी तर सायन्स करायला चाललो होतो.

शनिवारी सकाळी पोचलो. पूल कसला, पालकाचं सूप! फार्महाउसचे वॉचमन रमणकाका काठावर बिडी ओढत बसले होते. मी पीएचचा कागद बुडवला, रंग बघितला, मापात अ‍ॅसिड टाकलं, पुन्हा कागद बुडवला. बरोब्बर! डाइंगवाल्याला हे काय शिकवायचं? मग क्लोरीनची पावडर बादलीत कालवून ओतली आणि पंप चालू करून दिला.

रविवारी सकाळी येऊन बघतो तर काय, पाणी निळंशार! तळाच्या टाइल्स मोजून घ्या! मी रमणकाकांकडे अशा काही रुबाबात बघितलं, की जणू अरबी समुद्र मीच भरून दिलाय.

आता शेवटची तपासणी. पूलच्या डब्यात एक काचेची नळी आणि गोळ्या असतात. नळीत पूलचं पाणी घ्यायचं, गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. पांढरं राहिलं तर नाही. इतकं सोपं, पोरंसुद्धा करतील.

मी गोळी टाकली. क्षणभर गुलाबी चमकलं, आणि गेलं. पाणी पांढरं स्वच्छ!

‘‘क्लोरीन संपलं वाटतं,’’ मी म्हणालो आणि अर्धी बादली ओतली.

पंधरा मिनिटांनी दुसरी गोळी. या वेळी तर चमकलंसुद्धा नाही. ओतली पूर्ण बादली.

‘‘साहेब, नाक बळे छे,’’ रमणकाका उपरण्याने नाक दाबत म्हणाले. म्हणजे नाक जळतंय.

‘‘काका, नाकाला सायन्स कळत नाही. ही गोळी बघा, पांढरी! म्हणजे क्लोरीन शून्य.’’

‘‘पण हा कुत्रा बघा ना. रोज इथलंच पाणी पितो. आज वास घेतला, शिंकला, पळाला.’’

‘‘कुत्र्याला काय कळतंय!’’

तिसरी गोळी पांढरी. मी पावडरचा डबाच रिकामा केला. आता मला सांगा, ज्या माणसाने अठरा वर्षं ब्लिचमध्ये रंग उडताना बघितले, त्याला काहीतरी सुचायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची गोल गोल फिरत होती हो!

दहा वाजता शेठ आले, मागोमाग नातवंडांची पलटण, पंपाने फुगवलेली बदकं वगैरे घेऊन. पाणी बघून शेठ खूश. पण धंदेवाला माणूस, नाक मुरडून म्हणाले, ‘‘वास जरा वधारे छे ने? पोरं नंतर. पहेलां तमे ऊतरो, पाटीलभाई.’’

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. आता माघार कशी घेणार? शर्ट काढला आणि निळ्या चड्डीत, शिडीचा दांडा घट्ट धरून, कमरेएवढ्या पाण्यात उतरलो.

‘‘कसं वाटतंय?’’

‘‘एकदम फर्स्ट क्लास, शेठ!’’ डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगाला अशी खाज सुटली होती की सांगायची सोय नाही. पण मी हसत उभा! आणि नुसता उभा नाही, तर शेठना पाण्याचं शास्त्र समजावून सांगत उभा. पीएच म्हणजे काय, क्लोरीन म्हणजे काय, नाकावर का विश्वास ठेवू नये. अर्धा तास चांगला!

तेवढ्यात शेठची सगळ्यात धाकटी नात ओरडली, ‘‘दादा, अंकलनी चड्डी जुओ!’’

मी खाली बघितलं. निळी चड्डी निळी नव्हती. आधी राखाडी, मग पिवळट, आणि शिवणीजवळ तर पांढरी फटक! माझ्या डोळ्यांदेखत रंग चालला होता.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. क्लोरीन म्हणजे ब्लिच, आणि ब्लिच रंग खातं. चड्डीचा निळा खाल्ला, तसाच त्या गोळीचा गुलाबीही खाल्ला! गोळी पांढरी राहत होती ती क्लोरीन नव्हतं म्हणून नाही, इतकं होतं की गुलाबी टिकतच नव्हता. आणि मी दर वेळी वर आणखी बादली! लाज वाटली हो, मनापासून. सात-आठ पोरं उडी मारायला काठावर उभी होती.

‘‘शेठ, पोरांना मागे घ्या,’’ मी ओरडलो. ‘‘माझं चुकलंय. यात कोणी उतरायचं नाही!’’

रमणकाकांनी आधीच बागेतला पाइप आणून ठेवला होता. माझ्यावर धो धो पाणी मारत ते शांतपणे म्हणाले, ‘‘दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या साहेब, आपोआप उतरतं. मी नाकाने सांगेन.’’ पोरांचा रविवार त्या पाइपखालीच झाला. शेठ मात्र माझ्या चड्डीकडेच बघत होते.

‘‘पाटीलभाई, आ कापड आपणुं छे ने? वॉटरपार्कवाळुं?’’

‘‘हो.’’

‘‘माल गेला?’’

‘‘उद्या जायचाय.’’

शेठनी तिथूनच मिलमध्ये फोन लावला आणि माल थांबवला.

घरी बायकोने चड्डी हातात धरून उलटीपालटी करून बघितली. ‘‘एक दाव बी धुयी नही, नि रंग कथा ग्या?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या तोंडाचाही तिकडंच गेला.’’

सोमवारी शेठ लॅबमध्ये आले. रजिस्टर उघडून माझा जुना शेरा खोडला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी त्याच चड्डीचा तुकडा पानाला स्टेपल केला आणि कापडापुढे लिहिलं, पाचपैकी एक. आमच्या मोजपट्टीत एक म्हणजे सगळ्यात वाईट, त्याच्या खाली आकडाच नाही.

शेठनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तपासणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव होतं. ‘‘अने आने केटला?’’ याला किती द्यायचे?

मी पुन्हा माझ्या जुन्याच स्टुलावर बसलो. मग नावापुढे लिहिलं, शून्य.

शेठनी चष्मा वर करून वाचलं, खाली झोकात सही ठोकली आणि म्हणाले, ‘‘अठरा वर्षांत तुमचा हा पहिला रिपोर्ट, जो मला पुन्हा तपासायची गरज नाही.’’