जादूच्या तलवारीच्या पन्नास बिया

काजूबिया भाजल्याचा धूर नाकात गेला की मुंबईचा आतेभाऊ आठवतो आणि डोकं फिरतं. कोकण रेल्वे सुरू झाली त्या मे महिन्यात तो रत्नागिरीला आमच्या पडवीत फासे टाकून राक्षस मारायचा खेळ घेऊन आला. सोन्याची नाणी म्हणून आमच्याच बागेतल्या काजूबिया घेतल्या. जादूची तलवार घडवायला पन्नास, असं त्यानेच सांगितलेलं. आठवडाभर खेळून मी पन्नास जिंकल्या, तर त्या खिशात घालत म्हणाला, "ह्या नुसत्या लोखंडी तलवारीच्या झाल्या. जादूच्या अजून पन्नास आण. खेळ माझा, नियम माझे." वर माझ्यासमोरच एक कच्ची बी दातांनी फोडायला लागला. सालीतल्या तेलाने तोंड भाजतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी गप्प बसले. त्याचे सुजलेले ओठ बघून आईने विचारलं, "तू बघत होतीस ना?" मी नाही म्हणाले. आज विचारलं तरी नाहीच म्हणेन.