“ताई, कसे होते भाऊजी?”

मंडळी, आज आईला उकव्याहून बालाघाटला माझ्या घरी कायमचं आणलं. बाबा तिथल्या खाणीत होते. ते गेल्यावरही आई तिथून हलायला तयार नव्हती. “बालाघाटले तुह्या बाबाले कोन ओळखते?” एवढंच म्हणायची.

दुपारी शेजारच्या काकू गरम भजी घेऊन आईला भेटायला आल्या. आईने सामानातून बाबांचा फोटो नुकताच काढला होता. तो पाहून काकूंनी सरळ विचारलं, “ताई, कसे होते भाऊजी?”

मी घाबरलोच. आई मात्र म्हणाली, “लय गप्पिष्ट! एकदा मले बैहरच्या बसमध्ये बसवलं अन् स्वतः खाली गप्पा मारत राह्यले. बस सुटून गेली ना!”

“मंग?”

“मंग काय, कोनाच्या तरी स्कूटरवर बसून आले बसच्या मागं, हात हालवत!”

दोघी पोट धरून हसल्या. बाबा गेल्यापासून आईला हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

काकू निघाल्या तेव्हा आई म्हणाली, “उद्या चहाले या. त्याईच्या अजून लय गोष्टी हायेत.”

काकू, तुमचे आभार कसे मानू? आम्ही घरचे तर आई रडेल म्हणून बाबांचं नावच टाळत होतो.

तुमच्याही घरात असं होतं का?