खिरीच्या सणाचा नवा तांदूळ

मी पत्रकं लिहिणारा माणूस. कबनूरच्या यंत्रमाग कामगारांसाठी मोर्चे काढतो. 'आभार' हा शब्द मला मालकांनीच शोधून काढल्यासारखा वाटायचा. हक्काचं मिळालं तर आभार कसले? देवाशीही माझं हेच भांडण होतं.

आम्ही बेने इस्राएल, मराठी यहुदी. राजारामपुरीत आमचं एकच घर. आईचं वर्ष सणांवर फिरायचं. नव्याचा सण, दार लावून उपास, खिरीचा सण: नव्या तांदळाची खीर, उदाचा धूर, प्रार्थना, आणि पिकल्या धान्याचे आभार मानून पहिला घास.

त्या वर्षी आईचा टायफॉइड उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे." सणाला तिनं आपणहून खीर मागितली, आणि नवा तांदूळ बाजारात कुठंच नव्हता.

"जुन्याचीच करतो. कुणाला कळतंय?"

"ज्याचे आभार मानायचे त्याला कळतंय की," म्हणून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी चिडून ऊद तेवढा पेटवला. दुपारचं ऊन धुरात विरघळलं, घर हळूहळू तरंगायला लागल्यासारखं वाटलं. धूर जावा म्हणून दार उघडलं, तर समोर एक फेटेवाला, खांद्यावर पोतं.

"पावणं, घोटभर पानी मिळंल? गडहिंग्लजहून आलोय. वर लेक ऱ्हाती, दाराला कुलूप हाय." पाणी पिताना त्यानं वास घेतला. "सण हाय काय?"

"खिरीचा," आई आतून क्षीण आवाजात म्हणाली. "पण नवा तांदूळ न्हाय."

"मग ह्यात काय दगडं हायत व्हय?" हसत त्यानं पोतं सोडलं. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा तांदूळ, शेताचा वास अजून अंगावर असलेला. मी आतून आणलेल्या सुपात त्यानं ओतला. मी खिशात हात घातला, तसा खेकसला, "पैसं कसलं? नव्याचं पयलं देवाचं. तुमच्या देवाला द्या, पोचंल."

खीर शिजली. आई उठून बसली, डोळ्यांवर तळवा ठेवून प्रार्थना म्हणाली. एक घास घेतला. मग दुसरा. मग म्हणाली, "गूळ कमी पडलाय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

आमच्यात म्हणतात, एलियाहू नबी, आमचा प्रेषित, असाच कुणाच्याही रूपात येतो. प्रत्येक गोष्टीची चौकशी करणारा मी, वर त्याची लेक खरंच राहते का विचारायला जिन्यापर्यंत गेलो आणि परतलो.

मोर्चे आजही काढतो, हक्कासाठी आवाज चढतोच. पण न मागता सुपात पडलेल्या त्या तांदळापुढं मला भांडता आलं नाही. आता खिरीच्या सणाला ऊद मीच पेटवतो, आणि दार उघडं ठेवतो.