काशिनाथभाऊंच्या अंगणातला पोर्च

धंद्यात माझ्या हातून जी घाण झालीय, ती ऐकलीत तर तुम्ही मला टपरीचंसुद्धा डिझाइन करायला देणार नाही. पण विषय निघालाच आहे, तर घ्या ऐकून.

नोकरी सोडून नवीन पनवेलला मी स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक कॉम्प्युटर आणि माझ्या नावाची पाटी. काम नाही. अशात गव्हाणचे बाळारामदादा आले. शेजारी शेजारी दोन बंगले बांधायचे, एक त्यांचा, एक धाकट्या काशिनाथभाऊंचा. हे काम मिळालं तर ऑफिस टिकणार, नाहीतर पाटी उतरवायची. मला झोप लागत नव्हती हो!

गोम एकच. हद्दीवरून दोघा भावांचं कैक वर्षं बोलणं बंद होतं. त्यांच्या मामांनी मध्ये पडून नुकताच समेट केला होता. मधली जागा मोकळी ठेवायची आणि दोन्ही घरच्या हळदीचा मांडव तिथेच घालायचा, असं ठरलं होतं.

मी म्हटलं, यांना थक्क करू. सॉफ्टवेअरमध्ये दादांच्या बंगल्याला असा पोर्च बनवला की रुंदीचा आकडा बदलला की पोर्च आपोआप बदलेल. त्यासाठी आधी रेफरन्स प्लेन टाकायचे असतात. म्हणजे काय, गवंडी भिंतीआधी दोरी ताणतो ना, तसंच. मधोमध एक, दोन्ही कडांना एकेक, आणि खांब, स्लॅब सगळं त्यांना बांधायचं. मग पोर्च दोन्हीकडे सारखा वाढतो. मी मधला प्लेन टाकलाच नाही. खांबही नुसते उभे केले. कोण एवढं करत बसणार? दिसायला पोर्च झकास होता.

दोघं भाऊ आले. एका बाकावर बसले, मध्ये अजून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"दादा, तुम्ही फक्त आकडा बोला," मी ऐटीत म्हणालो.

"आकडा कशाला? दोन गाड्या मावतील येवढा कर."

केला. स्क्रीनवर पोर्चची डावी कड जागची हलली नाही. उजवी निघाली ती मोकळी जागा ओलांडून थेट काशिनाथभाऊंच्या तुळशीपाशी थांबली. खांब मागेच राहिले, स्लॅब अधांतरी. ते बरं दिसेना, म्हणून मी घाईघाईने एकेक खांब उचलून स्लॅबखाली नेऊन ठेवला. काशिनाथभाऊंच्या अंगणात.

"यो काय हाय?" काशिनाथभाऊ म्हणाले.

"सॉफ्टवेअर आहे."

"सॉफ्टवेअर नाय, यो आमचा दादा हाय. याच्या मनात पयल्यापासून ह्येच होतं."

"मी कदी सांगितलं?" दादा उठले. "मी इथं गुमान बसलोय."

मी पटकन जुना आकडा टाकला. स्लॅब निमूट परत आला. खांब आले नाहीत.

"बगा. छप्पर नेलं, खांब ठेवलं," काशिनाथभाऊ म्हणाले. "म्हंजे परत येनार."

आता दोघांचे आवाज चढले. समेट मोडतो म्हटल्यावर मी हात जोडले. म्हटलं, भाऊ, दादांचा काही संबंध नाही, चूक माझी. मीच दोऱ्या टाकल्या नव्हत्या.

दोघं माझ्याकडे वळले.

"दोरी न टाकता घर काडलं?" दादांनी भावाकडे बघून विचारलं.

"याला काम द्यायचं नाय," काशिनाथभाऊ म्हणाले.

"नाय म्हंजे नायच."

आणि दोघं एकाच मोटरसायकलवरून गेले. मामांनाही एवढं जमलं नव्हतं.

मी पाटी उतरवली. बंगल्यांचे नकाशे दुसऱ्या कुणीतरी काढले. वास्तुशांतीला मात्र मला आग्रहाने बोलावलं. पंगतीत गावातले झाडून सगळे होते, निम्म्यांना घरं बांधायची होती. दादांनी माझा हात धरून मला मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "आमचं भावाभावाचं जमलं त्ये यांच्यामुलं. लई सज्जन मानूस. फकस्त घर यांच्याकडून काडून घेऊ नका."