चंदेरी चोपदार

"आता मी हितं न्हाई," असं म्हणून तो डोळे एकदा गच्च मिटायचा, उघडायचा आणि खरोखरच नाहीसा व्हायचा. मागे उरायचा मंगल कार्यालयाच्या दारातला चंदेरी पुतळा. अंगभर फासलेला चंदेरी रंग, डोक्याला पगडी, हातात चोपदाराचा दंड, नजर समोर कुठेतरी खिळलेली.

तुम्ही माजलगावकडच्या एखाद्या मोठ्या लग्नाला गेला असाल, तर त्याच्या शेजारून नक्की गेला असाल. कदाचित चप्पल घालताना त्याच्या खांद्याचा आधारही घेतला असेल. वाईट वाटून घेऊ नका, सगळेच घेत. लोक त्याच्या दंडाला पिशव्या अडकवत. एका आजीबाईंनी तर त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

मी लग्नांची शूटिंग करतो, त्यामुळे आमची गाठ नेहमीची. एकदा एका नवरदेवाच्या बापाने मला फोनवर झापलं, "शूटिंगचं ठरलं होतं, तुमी दाराशी नुस्ता फोटो चिकटवला की." व्हिडिओत मागे तोरण हलत होतं, माणसं येत-जात होती, तो तेवढा हलत नव्हता. हे आमच्या चोपदाराला सांगितलं तर स्वारी दिवसभर खूश.

त्याच्या कलेचं दुखणंच असं होतं. जमली तर कुणाला कळायची नाही, आणि कळली तर फसली म्हणायची.

"टाळ्या मिळत न्हाईत म्हणून मी कशापायी रडू?" तो म्हणायचा. "पर आबानं एकदा बघाया पायजे."

आबा म्हणजे त्याचे वडील. सारा जन्म ऊस तोडण्यात गेलेला, त्यांच्या लेखी घाम गाळला तरच काम. "उभं तर बुजगावणं बी राहतंय," ते चारचौघांत म्हणायचे. पोराचं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हसून सोडून द्यायचा तो, पण त्याला ते लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं लग्न लिंबागणेशला होतं. पहाटेच त्याने मला पाठीला रंग लावायला बसवलं.

"अरे, नवरीचा भाऊ तू. वाढायचं सोडून हे काय?"

"वाढायला लई जण हायेत, भाऊ. आज आबाला काम दावायचंय. तुमी कुणाला बोलू नका."

पुतळा मांडववाल्याने आणला, असं आबांना वाटलं. "चांगला हाय," म्हणत त्यांनी आपलं उपरणं त्याच्या दंडावर टाकलं आणि लगबगीने आत गेले.

मग सोयरे विचारू लागले, पोरगा कुठं दिसंना? मी कॅमेरा घेऊन तिथेच होतो. आबा म्हणाले, "त्याचं काम लई मोठ्या ठिकाणी हाय. रजाच देईनात." पोरावर सदा करवादणारा हा माणूस पोरासाठी खोटं बोलत होता, आणि बोलताना त्यांचा हात होता त्याच चंदेरी खांद्यावर. मला वाटलं, संपलं, आता हा मोडला. पण पठ्ठ्याची पापणी लवली नाही. माझाच कॅमेरा हलला.

भटजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाक मारली. एक चुलतभाऊ पुढे सरसावला. आबांनी त्याला अडवलं. "तिला सख्खा भाऊ हाय. येईल त्यो." म्हणाले खरे, पण नजर दाराकडे लागली होती.

तेव्हा दारातला पुतळा हलला. दंड भिंतीला टेकवून तो सगळ्या मांडवातून ताठ मानेने चालत गेला आणि नवरदेवाचा कान असा पिळला की कान चंदेरी झाला. बायका किंचाळल्या. नवरीने भावाला ओळखलं आणि तिला हसू आवरेना. मग टाळ्या सुरू झाल्या. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी पुढाऱ्यांची लग्नं खूप पाहिली, अशा टाळ्या कुठे ऐकल्या नाहीत.

आबा जवळ आले. "सकाळपासून?"

"व्हय, आबा."

"आन् मी जे बोललो ते?"

"समदं ऐकलं."

आबांनी त्याला हाताला धरून पंगतीकडे नेलं.

आता तो हैदराबादला असतो, तिकडच्या लग्नांत उभा राहतो. इकडच्या दारांकडे मी अजून उगाचच बघतो. पण त्याची आठवण आली की मला टाळ्यांपेक्षा त्यानंतरची पंगत दिसते. त्याचे हात रंगाने माखलेले, जेवणार कसा? आबा त्याच्यासमोर मांडी घालून बसले, त्यांनी वरण-भात कालवला आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत त्याला घास भरवू लागले. शेजारचा पाहुणा हसला, तशी आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"दमलंय पोरगं," ते म्हणाले. "सकाळपासून कामावर हाय."