डच खेळाडूची रांग

न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणारे कोल्हापूरचे काका फुटबॉलचा विषय निघाला की सोफ्यावरून उठून उभेच राहायचे. ‘त्या डच गड्यासारखा पास कुणी देऊन दाखवावा की!’

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा त्यांच्याबरोबर इथल्या क्लबच्या मॅचला गेलो; संघात तो डच गडी होता आणि ब्राझीलचा एक नामांकित खेळाडूही. नंतर खेळाडू सह्या द्यायला बसले. ब्राझीलच्या त्या खेळाडूपुढे ही झुंबड, आणि डच गड्यापुढे चारदोन माणसं. काकांचा चेहरा पडला. ते सही घेऊन आले आणि पुन्हा त्याच रांगेत उभे राहिले, या वेळी माझी टोपी घालून.

‘काका, सही मिळाली ना?’

‘सहीचं काय घेऊन बसलास! रांग दिसाय नको व्हय?’

डच गड्यानं वर पाहिलं. ‘तुम्ही मघाशी आला होतात ना?’

‘तो माझा भाऊ,’ काका इंग्रजीत म्हणाले.

‘मग त्यालाही पुन्हा रांगेत पाठवा,’ तो हसून म्हणाला.